साहस भांडवलाच्या दारात रत्नागिरीची मुलगी

मुलगा बँकेत लागला, एस.टी.त लागला, पोस्टात लागला की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. मुलगी नर्सिंगला गेली, डी.एड. झाली, तरी आईबाप चार घरी सांगून येतात. या नोकऱ्या आपल्या ओळखीच्या आहेत. तिथे काय काम असते, पगार किती तारखेला होतो, रजा किती, हे आपल्याला ठाऊक असते. पण या उन्हाळ्यात रत्नागिरी तालुक्यातील आपल्या एका वस्तीतील मुलगी मुंबईला दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला गेली आणि ती कुठे गेली हे कोणालाच नीट सांगता येईना. "व्हेंचर कॅपिटल" एवढे दोन शब्द वस्तीत पोचले. कोणी म्हणाले शेअर बाजार, कोणी म्हणाले फायनान्स कंपनी, तर एका ज्येष्ठ बांधवांनी चिट फंडाची शंका काढून मुलीच्या आईला घाबरवून सोडले.

म्हणून आम्ही त्या मुलीला गाठून सविस्तर विचारले. ती वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई काजूच्या फॅक्टरीत सोलाईचे काम करते. नाव देऊ नये अशी तिची विनंती आहे, ती आम्ही पाळतो.

आधी हा धंदा काय आहे ते पाहू. आम्ही स्वतः वाणिज्य पदवीधर, आयुष्य जमा-खर्चाच्या वह्यांत गेले, तरी आम्हांलाही दोनदा विचारावे लागले. बँक कर्ज देते तेव्हा तारण मागते, जामीनदार मागते आणि हप्ता चुकला की नोटीस धाडते. व्हेंचर कॅपिटल म्हणजे साहस भांडवल. ते कर्ज नव्हे. ते देणारा धंद्यात हिस्सा घेतो. समजा, एका नव्या कंपनीला ५० लाख रुपये दिले आणि २० टक्के हिस्सा घेतला. म्हणजे त्या कंपनीची किंमत अडीच कोटी धरली. उद्या कंपनी २५ कोटींची झाली तर हिस्सा ५ कोटींचा. कंपनी बुडाली तर ५० लाख गेले. हप्ता नाही, जप्ती नाही. दहा ठिकाणी पैसे लावायचे, त्यांतील बरेचसे जाणार हे धरूनच चालायचे आणि एक-दोन कंपन्यांनी सगळ्यांचे भरून काढायचे, असा हा हिशेब असतो.

हे पैसे त्या कार्यालयाचे स्वतःचे नसतात. विमा कंपन्या, पेन्शन फंड, धनिक घराणी यांच्याकडून साधारण दहा वर्षांच्या मुदतीने ते गोळा केलेले असतात. ते सांभाळण्याबद्दल वर्षाला सुमारे २ टक्के आणि झालेल्या नफ्यात सुमारे २० टक्के वाटा घेण्याचा या धंद्यात प्रघात आहे. हा दर ऐकून आम्ही चाट पडलो. आणि यांत सरकारी पैसाही आहे. २०१६ साली केंद्र सरकारने अशा फंडांना पैसे पुरवण्यासाठी सिडबी या सरकारी संस्थेमार्फत १०,००० कोटी रुपयांची योजना काढली. तेव्हा हा फक्त श्रीमंतांचा आपसातला मामला आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून भागणार नाही.

धंदा तसा जुना नाही. अमेरिकेत जॉर्जेस डोरियो नावाच्या प्राध्यापकांनी काही मंडळींसह १९४६ साली अशी पहिली मोठी संस्था काढली. १९५७ साली तिने संगणक बनवू पाहणाऱ्या डिजिटल इक्विपमेंट या नव्या कंपनीत ७० हजार डॉलर घालून ७० टक्के हिस्सा घेतला. पुढे त्या हिश्श्याची किंमत कोट्यवधी डॉलरांवर गेली आणि सगळ्यांचे डोळे विस्फारले. आपल्याकडे सरकारी आय.एफ.सी.आय.ने १९७५ साली रिस्क कॅपिटल फाउंडेशन काढले. १९९६ साली सेबीने या धंद्याचे नियम केले. इतिहास एवढा पुरे.

आता पालकांच्या कामाचा भाग. इंटर्नशिप म्हणजे आपली जुनी उमेदवारी. शिंप्याकडे पोरगा काज-बटणाला बसवतात, तसे. ती नोकरी नव्हे. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर अशा प्रत्यक्ष कामाला पदवीच्या शिक्षणात स्थान मिळू लागले आहे, त्यामुळे येत्या काळात हा प्रश्न आपल्या घराघरांत येणार आहे. या मुलीला आलेल्या पत्रात कामाचे दिवस होते, पत्ता होता, पण मानधनाचा आकडा नव्हता. घरात तीन दिवस खल झाला. आई म्हणाली, विचारू नकोस, दिलेलेही काढून घेतील. मुलीने विचारले. दोन ओळींचे ई-मेल लिहिले. दुसऱ्या दिवशी आकडा लिहून आला. तो आला नसता तर ती जाणार नव्हती, कारण चेंबूरला मामांकडे राहायची सोय झाली तरी रेल्वेचा पास, दुपारचे जेवण आणि मामींच्या हातावर ठेवायचे चार पैसे कुठून आणणार? बिनपैशाची उमेदवारी ज्यांच्या घरी खायला आहे त्यांनाच परवडते. ती ठेवणारे मुद्दाम आपल्याला वगळतात असे आम्ही म्हणत नाही, पण वगळले आपणच जातो. तेव्हा पालकांनो, पत्र लेखी घ्या, त्यात आकडा मागा. आणि मुलगी असेल तर हेही ध्यानात ठेवा की २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि त्या कायद्याचे संरक्षण बिनपगारी उमेदवारालाही आहे.

रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने ती निघाली, सकाळी दादरला उतरली. एक दिवस मामांकडे काढला आणि सोमवारी साडेनऊला लोअर परळला कार्यालयात हजर झाली. इथे थोडे थांबावेसे वाटते. रत्नागिरी म्हणजे मनीऑर्डरवर जगलेला जिल्हा, आणि त्या मनीऑर्डरी ज्या गिरण्यांतून येत त्यांतील कित्येक याच लोअर परळ, करी रोड भागातल्या. या मुलीचे आजोबा तिथल्याच एका गिरणीत रिंग खात्यात होते. रिंग खात्यात का? तर विणाई खात्यात पगार जास्त असे आणि तिथे आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतर कामगारांना चालत नव्हता. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. पुढे १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत, आणि त्या जमिनींवर आता काचेच्या इमारती आहेत. मुलगी ज्या लिफ्टने वर गेली ती अशाच एका जागेवरच्या इमारतीतली. आजोबांचे खाते नेमके कुठे होते हे दाखवायला आता कोणी नाही.

कार्यालयात पहिले काम सहीचे. गोपनीयतेचा कागद होता. इथे पाहिलेले, वाचलेले, ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. तिने तो दोनदा वाचून सही केली, हे आम्हांला फार आवडले. आपले लोक "इथे सही करा" म्हटले की करतात. मग लॅपटॉप, ओळखपत्र, बसायची जागा. एका तिशीतल्या गृहस्थांनी सांगितले, मला सर म्हणायचे नाही, नावाने हाक मार. तिला ते दिवसभर जमले नाही. आमच्या कार्यालयात साहेबांना नावाने हाक मारली तर काय होईल याची कल्पना करून आम्ही मनसोक्त हसलो.

अशा अनेक कार्यालयांत सोमवारी सकाळी मोठी बैठक असते. कोणते प्रस्ताव पुढे घ्यायचे आणि कोणते सोडायचे ते तिथे ठरते. तिला भिंतीकडेला खुर्ची दिली आणि नुसते ऐक म्हणाले. प्रस्ताव म्हणजे दहा-पंधरा पानांची चित्रांची पुस्तिका, तिला तिथे "डेक" म्हणतात. आम्ही काय बनवतो, कोण घेणार, किती पैसे हवेत, त्यांचे काय करणार, एवढे त्यात असते. एकेका प्रस्तावाला पाच-सात मिनिटे. इंग्रजी भरभर चाललेले. अर्धे शब्द तिने वहीत नुसते लिहून घेतले, संध्याकाळी अर्थ शोधायचे म्हणून. पण एक गोष्ट तिला शब्द न कळताही कळली. प्रत्येक प्रस्तावाला पहिला प्रश्न एकच होता: हा आला कोणाकडून? अमक्याच्या ओळखीचा, तमक्याबरोबर आय.आय.टी.त होता, आधी अमुक कंपनीत होता असे उत्तर आले की चर्चा पुढे जाई. नुसता ई-मेलने आलेला असेल तर "पाहू नंतर".

आम्ही तिला विचारले, तू कशी गेलीस तिथे? ती हसली. तिच्या प्राध्यापकांचा एक माजी विद्यार्थी तिथे होता. म्हणजे तारण नको म्हणणारा हा धंदा, पण ओळख हवीच. आपल्या घरी दोन्ही नाहीत, त्याला कारणे आहेत. तारण का नाही, हे रत्नागिरीच्या माणसाला सांगायला नको. इथे जमीन खोताची होती, कसणारा कूळ. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ला मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ला कोकणचे शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्याने. आणि त्यातूनही आपल्या किती घरांच्या नावावर सात-बारा चढला, ते ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. तोपर्यंत बँकेत काय गहाण ठेवणार होतो आपण? भांडी?

आणि ओळखीचे म्हणाल तर बाबासाहेबांचीच गोष्ट पाहा. ती आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसते. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईला परतले. कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेला माणूस, हाताला काम नाही. शिकवण्या केल्या. आणि मग शेअर-रोख्यांचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याची एक पेढी त्यांनी काढली. होय, शेअर-रोख्यांची! सल्ला चांगला मिळतो म्हणून लोक येऊ लागले. पण सल्ला देणारा महार आहे हे कळताच गिऱ्हाईक बंद झाले आणि पेढीही बंद झाली. नोव्हेंबर १९१८मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले ते त्यानंतर. पैसा कुठे घालावा हे ज्याला त्या मुंबईत बहुधा सर्वांत चांगले कळत होते, त्याच्याकडून ते ऐकून घ्यायला पैसेवाला तयार नव्हता.

त्याच १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान जमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. जमीन तुकड्यातुकड्यांची आहे म्हणून शेतकरी गरीब, असे तेव्हाचे विद्वान म्हणत. बाबासाहेबांनी सांगितले की नुसते जमिनीचे माप पाहू नका, तिच्या जोडीला भांडवल आणि अवजारे किती आहेत ते पाहा, आणि शेतीवर पडलेली जादा माणसे उद्योगात न्या. आमच्या कोकणात पाच-दहा गुंठ्यांवर चार भाऊ भांडतात तेव्हा आम्हांला हा निबंध आठवतो. तेव्हा भांडवल हा शब्द आपल्या चळवळीला परका आहे असे कोणी सांगू लागले तर त्यांना एवढे अवश्य ऐकवावे.

नंतरच्या काळात काही दारे उघडली. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना काढली आणि २०१३ साली तिच्या पुढाकाराने ५०० कोटींचे उद्दिष्ट ठेवून लहान उद्योगांसाठी फंड जाहीर झाला. जानेवारी २०१५मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी वेगळा व्हेंचर कॅपिटल फंड सुरू केला. तो चालवायला दिला त्या १९७५च्या रिस्क कॅपिटल फाउंडेशनचीच पुढची आवृत्ती असलेल्या आय.एफ.सी.आय. व्हेंचर या कंपनीकडे. ३० सप्टेंबर २०२०ला त्याच्याच जोडीला आंबेडकरांच्या नावाने नवकल्पनांसाठीचे मिशन आले. महाविद्यालयांच्या उद्योग-केंद्रांत काही नवे करून दाखवणाऱ्या तरुणाला तीन वर्षांत मिळून ३० लाखांपर्यंत भांडवल, अशी ती योजना. आपण बौद्ध, आपल्याला हे लागू का, असे अजूनही विचारले जाते. १९९०च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या यादीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही सवलती लागू झाल्या. दाखला मात्र केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवा. या फंडासाठी नोंदणीकृत कंपनी लागते, तिचे निम्म्याहून जास्त भाग आपल्या माणसाच्या नावे असावे लागतात आणि कागदपत्रे चोख लागतात. पुष्कळ प्रस्ताव इथेच अडखळतात, असे आम्हांला वाटते. दुकान उत्तम चालते, पण वही कोऱ्या पानांची!

म्हणूनच या मुलीने तिथे दोन महिने बसून दुसऱ्यांचे प्रस्ताव वाचणे आम्हांला मोलाचे वाटते. पैसे मागणाऱ्याचा कागद पैसे देणारा कसा वाचतो, कुठे थांबतो, कुठल्या पानावर हसतो, हे आतापर्यंत आपल्यातल्या फारच थोड्यांनी पाहिले आहे.

जेवणानंतर तिच्यासमोर एक पुस्तिका ठेवली आणि आकडे तपास म्हणाले. ती निघाली काजूची. कोणत्या गावची, कोणाची, किती रकमेची हे तिने आम्हांला सांगितले नाही आणि आम्हीही खोदून विचारले नाही. सकाळच्या सहीचा मान राखला पाहिजे. काजू उकडणे, टरफल फोडणे, वाळवणे, साल काढणे, निवडणे, सगळे यंत्रावर करायचे होते. कार्यालयातील मंडळींना काजू माहीत होता तो बशीतला. १०० किलो बियांतून साधारण २५ ते ३० किलो गर निघतो, त्यातला अख्खा गर वेगळ्या भावाने जातो, पाकळी वेगळ्या, तुकडा वेगळ्या. अख्ख्याचेही नंबर असतात, १८०, २१०, २४०, ३२०. एका पौंडात किती गर बसतात त्यावरून ते पडतात. हे तिला कोणत्या वर्गात शिकवलेले नाही. आई संध्याकाळी घरी येऊन आज किती तुकडा पडला ते सांगते, कारण तुकडा जास्त पडला की मुकादम बोलतो. पुस्तिकेत अख्ख्या गराचे प्रमाण पाहून तिला ते फारच उदार वाटले. तिने भीतभीत तसे सांगितले. त्या तिशीतल्या गृहस्थांनी मान वर केली, पेन घेतले आणि म्हणाले, कशावरून?

पुस्तिकेत पुढे आणखी एक पान होते. यंत्रे आली की मजुरीत किती बचत होईल त्याचा तक्ता. सोलाईच्या बायका किती कमी होतील तो आकडाही त्यात होता. ती त्या पानावर बराच वेळ थांबली असे म्हणाली. आम्ही यंत्राच्या विरुद्ध नाही. काजूच्या चिकाने आपल्या बायाबापड्यांची बोटे कशी होतात ती आम्ही पाहिली आहेत. फोडणीच्या कामावर असलेल्या बाईच्या हाताचे ठसे आधारच्या यंत्रावर उठत नाहीत, ही आमच्याच वस्तीतली गोष्ट. ते काम यंत्राने केले तर बरेच. पण त्या बायका मग कुठे जातील, त्यांना निवडीच्या किंवा यंत्राच्या कामावर घेता येईल का, याला त्या तक्त्यात जागा नव्हती. हा प्रश्न तिने त्या दिवशी विचारला नाही. पहिल्याच दिवशी, भिंतीकडेच्या खुर्चीवरून, कसा विचारणार? वहीत मात्र लिहून ठेवला. दोन महिने आहेत.

साडेसातला कार्यालयातून निघून ती गाडीच्या गर्दीतून चेंबूरला पोचली. "कशावरून" याचे उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. जेवण झाल्यावर तिने आईला फोन लावला. दिवस कसा गेला ते आईने विचारायच्या आधीच तिने विचारले, दहा किलो गर सोललास तर अख्खा किती निघतो, पाकळी किती, तुकडा किती? चांगली बी असेल तर किती, जुनी असेल तर किती? आईने सगळे तोंडावर सांगितले, पावसाळ्यात दमट हवेला तुकडा वाढतो तेही सांगितले. मुलगी लिहून घेत होती. मग आईने विचारले, "कुणाच्या फॅक्टरीचा विचारतेस गो?"

ते सांगायचे नाही, असे ती सकाळीच लिहून देऊन आली होती.